प्रति: जुन्या ट्रकला जाड ऑइल?
गाडी पाच लाख किलोमीटरच्या पुढे गेली की सरळ २०डब्ल्यू-५० (जाड इंजिन ऑइल) टाका, ऑइल खाणं थांबतं, असं वरती लिहिलंय ते मला अर्धंच पटतं. विदर्भात उन्हाळ्यात लोड गाडी चालवायची आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडत असेल तर ठीक आहे, पण आमची गाडी लासलगावहून कांदा भरून पहाटे निघते, थंडीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशावर येतो, अशा वेळी जाड ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचायलाच वेळ लागतो आणि झीज तिथेच होते, म्हणून आम्ही त्याहून पातळ १५डब्ल्यू-४० सोडलं नाही. इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा-लाइनर झिजून गेले असतील तर जाड ऑइलने फक्त दिवस ढकलले जातात.

अजून एक गोष्ट, डिझेलचं कुणी बोललंच नाही. बीएस-३ च्या (जुन्या प्रदूषण नियमांच्या) काळात डिझेलमध्ये सल्फर ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५० भाग) असायचं, एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमवालं मिळतंय. सल्फरमुळे ॲसिड होतं आणि ते मारायलाच ऑइलला जास्त टीबीएन (ॲसिड मारायच्या ताकदीचा आकडा) लागायचा, आता तेवढं टेन्शन राहिलं नाही, त्यामुळे जास्त टीबीएनच्या नावाखाली महागडा डबा घेऊ नका, चांगल्या कंपनीचं सीआय-४ प्लस दर्जाचं (डब्यावर लिहिलेला डिझेल इंजिन ऑइलचा दर्जा) ऑइल घ्या आणि वाचलेल्या पैशात ऑइल फिल्टर, एअर फिल्टर वेळेवर बदला. आणि हो, टॉपअप न करता डिपस्टिकवर लेव्हल वाढत असेल तर ऑइलचा ब्रँड शोधत बसू नका, बहुतेक डिझेल मिसळतंय, आधी इंजेक्टर आणि पंप तपासून घ्या.