निलगिरीची व्हिनियर कुठे जाड, कुठे पातळ : दोष पात्याचा की लाकडाचा?

प्रश्न : स्पिंडललेस लेथवर (ओंडका टोकांना न धरता रोलरांनी फिरवत सोलणारं यंत्र) निलगिरीची 2 मिमी कोर व्हिनियर (प्लायवूडच्या आतल्या थराचा पातळ लाकडी पापुद्रा) काढतोय. जाडी 1.7 ते 2.3 येते, एका बाजूला बारीक चिरा आणि टोकं फाटलेली. पातं नुकतंच घासलंय. ओंडके आठवडाभर उन्हात पडून होते. आधी काय बघू?

उत्तर 1 : पात्याला हात लावू नका, आधी मोजा. डावी कड, मध्य, उजवी कड. शिवाय ओंडक्याच्या सुरुवातीला आणि गाभा उरताना. एकच कड कायम जाड असेल, तर पातं रोलरला समांतर नाही. जाडी हळूहळू सरकत असेल तर फीड, म्हणजे पातं पुढे सरकण्याचा वेग, तपासा. रोलर ओंडक्याच्या पृष्ठभागाचा वेग कायम ठेवतात, त्यामुळे व्यास घटला की फेरे वाढतात आणि पातंही तितक्याच प्रमाणात जलद पुढे सरकावं लागतं. कंट्रोलरमध्ये व्यासाची नोंद चुकली की हे गणितच बिघडतं. जवळजवळ बारीक लाटा दिसल्या तर पात्याचा क्लिअरन्स कोन (पात्याची पाठ आणि लाकूड यांतला कोन) जास्त आहे. लांब लाटा असतील तर कमी, म्हणजे पात्याची पाठ लाकडाला घासतेय.

उत्तर 2 : चिरा पात्याकडच्या बाजूलाच पडतात, कारण व्हिनियर धारेवरून वळताना तिथे ताण येतो. पाते आणि रोलर यांतलं अंतर फिलर गेजने (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या) पाहा. 2 मिमीसाठी 1.7–1.8 ठेवा, म्हणजे 10–15 टक्के दाब बसतो. फार आवळलंत तर पृष्ठभाग चुरगळतो. धारेचा कोन 20–21 अंश. गाठी जास्त असतील तर टोकाला बारीकसा दुसरा कोन द्या, नाहीतर धार तुटते.

उत्तर 3 : टोकं फाटण्यात लेथचा दोष फारसा नाही. निलगिरीच्या खोडात वाढीचा ताण मुळातच भरलेला असतो. तोडताच तो सुटायला लागतो आणि ऊन त्यात भर घालतं. दोन-तीन दिवसांत सोला. नाहीच जमलं, तर टोकांना मेण फासा, ओंडके सावलीत ठेवा, पाणी मारत राहा. वाळलेलं लाकूड चिराही वाढवतं. 50–60 अंशांच्या पाण्यात तापवता आलं तर उत्तमच, फक्त उष्णता गाभ्यापर्यंत पोचली पाहिजे.

प्रश्नकर्ता : मोजलं. उजवी कड सगळीकडे जाड, लाटा नाहीत.

उत्तर 1 : मग समांतरपणाच. दोन्ही टोकांना रोलर ते धार हे अंतर एकाच गेजने मोजा. पात्याखाली चिकटलेला डिंक-भुसाही काढा, बऱ्याचदा तेवढ्यानेच पातं तिरकं बसतं. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने आवळा आणि पुन्हा मोजा.