उत्तर: थकवा मनातून येतो?
एका पोस्टमध्ये लिहिलंय की क्रॉनिक फटीग सिंड्रोम (एमई/सीएफएस, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा दीर्घ आजार) मधला थकवा मनातून येतो, व्यायाम हळूहळू वाढवा. मी दोन वर्षं तेच केलं. दहा मिनिटं चालले तर त्या दिवशी काही होत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केस विंचरताना हातच वर धरवत नाही, अर्ध्यातच कंगवा ठेवून आडवं व्हावं लागतं. डिप्रेशनमध्ये इच्छाच होत नाही म्हणतात, इथे इच्छा भरपूर आहे हो, शरीर साथ देत नाही! २०१५ला अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हा मानसिक आजार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१च्या गाइडलाइनमधून टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायचा सल्ला काढूनच टाकला. काउन्सेलिंगने मला धीर मिळाला, ते नाकारत नाही, पण थकवा तसूभर कमी झाला नाही. नवीन निदान झालेल्यांनी प्लीज रेटू नका, दमायच्या आधीच थांबा.