अल्कोयची मूर-ख्रिस्ती लढाई पाहायला जाताना: अनुभव, सूचना, चुका

स्पेनच्या आलिकान्ते प्रांतात, डोंगरांच्या कुशीत अल्कोय हे गाव आहे. १२७६ मध्ये अल-अझ्राक या मूर, म्हणजे मुस्लिम, सरदाराने त्यावर चाल केली आणि त्या लढाईत तो मारला गेला. ऐन वेळी सान जोर्दी, म्हणजे सेंट जॉर्ज, तटावर प्रकटला म्हणून गाव वाचलं, अशी तिथली श्रद्धा आहे. ती लढाई गाव दरवर्षी तीन दिवस उभी करतं. परंपरेने २२ ते २४ एप्रिल. जाऊन आलेल्यांनी आणि तिकडे राहणाऱ्यांनी इथे नेमका तपशील लिहावा, म्हणजे पुढच्यांचं नियोजन सोपं होईल.

वालेन्सियाकर

सगळ्यात आधी तारखा. ईस्टर एप्रिलच्या उत्तरार्धात आला की हा सण पुढे सरकतो, कधी मे महिन्यातही जातो. म्हणून "२२ एप्रिल" गृहीत धरून विमानाचं तिकीट काढू नका. सणाचं आयोजन करणाऱ्या सान जोर्दी असोसिएशनचा त्या वर्षीचा कार्यक्रम आधी पाहा, मगच पैसे भरा. परत न मिळणारं हॉटेल चुकीच्या आठवड्यात घेतलं, ही सर्वांत महागात पडणारी चूक.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी झालाच पाहिजे. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका, कारण अडतं ते भेटीची वेळ मिळण्यात. एप्रिलसाठी जानेवारीतच कागद तयार ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

आलिकान्तेचा विमानतळ सर्वांत जवळचा. तिथून आधी आलिकान्ते शहरात आणि मग बसने अल्कोय, साधारण तासभर. वालेन्सियाहून शातिवामार्गे रेल्वेही आहे. रस्ता डोंगरातला आणि सुरेख, पण गाड्या दिवसाला मोजक्याच आणि वेळ दोन तासांच्या आसपास. रात्रीच्या कार्यक्रमानंतर गाडी मिळेल ही आशा धरू नका.

गावात खोल्या फार आधी भरतात. न मिळाल्यास कोसेन्ताइना बघा, पाच-सहा किलोमीटरवर आहे. दुसऱ्या बाजूला इबी. आलिकान्तेला राहायचं असेल तर २४ च्या रात्री परतायचं कसं हे आधीच ठरवून ठेवा.

पथकवाला

काय पाहतोय हे कळलं तर मजा दसपट. गावात २८ फिला आहेत, १४ मुरांच्या आणि १४ ख्रिस्त्यांच्या. फिला म्हणजे आपल्याकडच्या दिंडीसारखी जुनी, नाव-पोशाख-मान ठरलेली मंडळी. दरवर्षी प्रत्येक बाजूची एक फिला कप्तानाचा आणि दुसरी निशाणाचा मान घेते, आणि हा मान पाळीने फिरतो. चौदा वर्षांनी आलेल्या कप्तानपदासाठी फिला काय काय उभं करते ते पाहण्यासारखं असतं: घोडे, नर्तक, रथ, खास शिवलेले पोशाख. त्या वर्षी मान कोणाकडे आहे हे वाचून जा.

पहिला दिवस प्रवेशाचा, म्हणजे दोन्ही सैन्यं गावात शिरण्याच्या मिरवणुकांचा. पहाटे सहाच्या सुमारास दियाना सुरू होते. प्रत्येक फिलाची एक तुकडी बँडच्या तालावर खाली उतरते. सकाळी ख्रिस्त्यांचा प्रवेश, दुपारनंतर मुरांचा. दहा-अकराजण खांद्याला खांदा लावून एका ओळीत चालतात, पुढे तलवार फिरवत एकटा नायक. ख्रिस्ती चाल ठाशीव असते. मुरांची इतकी संथ, डुलती, की एका तुकडीला चौक ओलांडायला कितीतरी मिनिटं लागतात. दोन फिलांमध्ये मोकळी जागा पडते, तेव्हा संपलं असं समजून लोक उठतात आणि पुढचा कप्तान हुकतो. मुरांचा प्रवेश अंधार पडेपर्यंत चालतो.

आदल्या संध्याकाळी पोहोचलात तर उत्तम. सगळे बँड प्लाझा दे एस्पान्या या मुख्य चौकात एकत्र येतात आणि सणाचं गीत वाजतं. हजारो कंठ गातात, ते ऐकायलाच हवं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मुरांच्या काही फिलांतले लोक चेहरा काळा रंगवतात. त्यावर स्पेनमध्येही वाद आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

आडवाट

खुर्ची घ्यायची की उभं राहायचं? प्रवेशाच्या रस्त्यावर तिकिटाच्या खुर्च्या असतात. ज्येष्ठ आणि लहान मुलं असतील तर घ्याच, कारण एकेक प्रवेश कित्येक तासांचा. नसतील तर सान निकोलाउ रस्त्यावर लवकर जाऊन उभे राहा. अरुंद रस्ता, दोन्हीकडे उंच घरं, त्यात बँडचा आवाज असा घुमतो की छातीत ठोका जाणवतो. सकाळी सावलीची बाजू धरा. गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे: दुपारी ऊन लागतं, पहाटे स्वेटर लागतो. छत्री उघडू नका, मागच्यांना काही दिसत नाही. पातळ रेनकोट ठेवा.

मध्यभाग वाहनांना बंद असतो. गाडी असेल तर पुलांच्या पलीकडे लावून चालत या. चढउतार भरपूर आहेत, चपला नकोत.

रानपाखरू

२३ तारीख सान जोर्दीची. मिरवणुका, चर्च, शांत दिवस. विसावा हवा असेल तर हाच घ्या आणि सणाच्या संग्रहालयात जा. जुने पोशाख जवळून बघता येतात.

तोफखाना

आता २४, म्हणजे अलार्दो. बंदुकीच्या दारूचा दिवस. चौकात लाकडी किल्ला उभारलेला असतो. सकाळी मुरांचा दूत किल्ला मागायला येतो, बोलणी फिसकटतात, बार सुरू होतात आणि किल्ला मुरांकडे जातो. दुपारनंतर तेच उलट: ख्रिस्ती दूत, पुन्हा लढाई, किल्ला परत.

बंदुकीत गोळी नसते, काळी दारू असते. मोजून दारू नळीत ओततात, ठिणगी देणारी छोटी टोपी बसवतात, बार काढतात. दगडी गल्लीत एकाच वेळी शेकडो बार म्हणजे साधी गोष्ट नाही. कापसाचे बोळे निरुपयोगी आहेत. फोमचे प्लग नीट पिळून, कान वर ओढून आत बसवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. अर्धवट बसलेला प्लग म्हणजे प्लग नसल्यासारखाच. मुलांना कानावरची मोठी कवचं द्या. तान्ही बाळं नेऊ नका.

बरेच बार झाले की नळीत काजळी साठते आणि बंदूक चुकते. टोपी फुटते पण बार निघत नाही, किंवा क्षणभर उशिरा निघतो. म्हणून "झाली वाटतं" म्हणत मोबाइल घेऊन नळीसमोर कधीही वाकू नका. न जळलेले कण उडतात: साध्या काचांचा चष्मा आणि सुती कपडे. सिंथेटिक ओढणीला भोकं पडतात. गंधकाचा धूर गल्लीत बसून राहतो. दमा असेल तर इनहेलर खिशात ठेवा आणि चौकाच्या वाऱ्याकडच्या कडेला, बाहेर पडायचा रस्ता पाठीशी ठेवून उभे राहा.

चुलीवरचं

इथली खासियत ओयेता, डाळी-कडधान्यांचं दाट कालवण, पण त्यात डुकराचं मांस असतं. पेरिकाना मिरचीची म्हणून शाकाहारी वाटते, तिच्यात सुका मासा असतो. भाजल्या वांग्या-मिरचीचा एस्पेन्कात आपल्या भरताच्या जवळचा, तरी "मासा घातलाय का" हे विचाराच. खात्रीचं म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, अंडं चालत असेल तर, आणि टोमॅटो चोळलेला पाव. बाकी भाकरवडी-चिवडा घरून न्या, कारण दुपारी हॉटेलांत जागा मिळत नाही. गोड म्हणून पेलादीया, साखरेचं कवच चढवलेले बदाम. हलव्याची आठवण होईल. कफे लिकोर कॉफीसारखं दिसतं, पण मद्य आहे, मुलांच्या हाती देऊ नका.

वालेन्सियाकर

एकच दिवस असेल तर कोणता, असं कुणी विचारण्याआधीच: बरेच जण २२ सांगतात. माझं मत २४. किल्ला परत मिळाल्यावर लोक पांगू लागतात आणि तिथेच चुकतात. अंधार पडल्यावर किल्ल्याच्या तटावर घोड्यावर बसलेला लहान मुलगा येतो, तोच सान जोर्दिएत, म्हणजे छोटा सान जोर्दी. धुरात आणि प्रकाशात तो बाण सोडतो आणि अख्खा चौक ओरडतो. किल्ल्यासमोरची जागा तासभर आधी धरा. पुढे उंच माणूस नाही ना ते पाहा आणि मुलाला खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा.