विषय कोणताही असो, मार्ग मोजलेला हवा

एखाद्या विषयाला वाहिलेल्या शर्यतींत धावणे कमी आणि देखावा जास्त असतो, असे मत अनेकदा ऐकू येते; ते मला अर्धेच पटते. बेळगाव परिसरातल्या अशा शर्यतींत मी हौसेने धावतो, आणि मला खटकतो तो विषय नव्हे, तर अंतराबाबतची बेफिकिरी. पर्यावरणाच्या नावाने झालेल्या एका १० किलोमीटरच्या शर्यतीत माझ्या जीपीएस घड्याळाने ९.३ किलोमीटर दाखवले. दाट झाडीखाली घड्याळ थोडे चुकते हे मान्य, पण इतके नाही, आणि सोबतच्या चौघांचे आकडेही तेच सांगत होते. अधिकृत मोजणीत सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारे छोटे यंत्र) बसवून वळणावळणावर सर्वांत जवळची वाट धरून मोजतात, आणि मार्ग तोकडा भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे १ मीटर जादा धरतात. छोट्या संयोजकांनी यातले निम्मे जरी पाळले, तरी धावणाऱ्याला आपली वेळ खरी मानता येईल.

याउलट, येळ्ळूरहून राजहंसगडाकडे चढणाऱ्या रस्त्यावरची एक साधी शर्यत मी विसरू शकत नाही. चढ सुरू होण्याआधी एक आजी पितळी तांब्या आणि गुळाचे खडे घेऊन उभ्या होत्या आणि प्रत्येकाला म्हणत होत्या, "दमानं जा रे बाळा, चढ पुढंच हाय." शेवटी पदकाऐवजी द्रोणात कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, मिळाला, आणि निकाल मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत वाचून दाखवले गेले.