बुटीबोरी ते भिवंडी लाईनसाठी कोणती गाडी घ्यावी? दहा चाकी, सोळा चाकी का ट्रेलर? सल्ला पायजे

बुटीबोरीचा_भाऊ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक २०१८ ची दहा चाकी, बीएस४ (म्हणजे जुन्या प्रदूषण नियमाची), २२ फुटी उघडा डाला, अन् दुसरी जुनी सहा चाकी जी सध्या बाबांच्या जिवावर अन् वेल्डिंगवर चालून राहिली. आता एमआयडीसीतली एक पार्टी धाग्याचा माल भिवंडीला न्यायचं काम देते म्हणते, आठवड्याला दोन ट्रिपा पक्क्या, वर्षभराचं लेखी. म्हणून नवीन गाडी घ्यायचा विचार करून राहिलो. मोठा भाऊ म्हणते सोळा चाकी घे, आजकाल सगळे मोठ्या गाडीकडेच चालले. मामा म्हणतात घ्यायचाच तं ट्रेलर घे, ५५ टन. डिलरच्या पोट्ट्याने तं एलएनजीपण (द्रवरूप गॅसवरची गाडी) काढलं मधात. डोकं पिकलं. ज्यांच्या गाड्या खरंच रोडवर आहेत त्यांनीच सांगा, यूट्यूबवाले नको.

कापसीवाला
तुझा भाऊ बरोबर बोलून राहिला. २०१८ च्या जुलैत सरकारने एक्सल लोड, म्हणजे कायद्यात चालणारं वजन, वाढवलं तेव्हापासून हिशोबच बदलला. गाडी अन् माल मिळून दहा चाकी २५ टनाची साडेअठ्ठावीस झाली, ट्रेलर ४९ चा ५५ झाला, अन् मग कंपन्यांनी साडेसत्तेचाळीस टनाच्या सोळा चाकी काढल्या. माझ्या दोन आहेत, गडचांदूर साईडच्या सिमेंटवर. गाडी अन् बॉडीचं वजन वजा करून ३२ टनाच्या आसपास माल कायदेशीर बसतो, म्हणजे दहा चाकीच्या पावणेदोन पट, पण डायवर एकच न पगार एकच.

अजून एक गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. नॅशनल हायवेच्या टोलमध्ये चार ते सहा एक्सल हा एकच गट आहे. म्हणजे बारा चाकी असो, सोळा चाकी असो का पाच एक्सलचा ट्रेलर असो, फास्टॅगमधून तेवढेच कटतात. मग बारा चाकी कोण कशाला घेईल? परत येताना गाडी रिकामी असली की लिफ्ट एक्सल उचलून घ्यायचा, टायर वाचतात. डोळे झाकून सोळा चाकी घे.

हिशोबताई
डोळे झाकून घेतलेल्या गाडीचे हप्ते मात्र डोळे उघडे ठेवून भरावे लागतात. 🙂 मी आमच्या घरच्या सात गाड्यांचं अकाउंट बघते त्यामुळे आधी दोनच गोष्टी विचारते. पार्टी भाडं टनावर देणार की गाडीवर? आणि धागा म्हणजे नेमका कशात, गाठी की पेट्या? पेटीचं माप आणि वजन सांगा. त्याशिवाय कोणीही गाडी सुचवत असेल तर तो स्वतःच्या धंद्यासाठी सुचवतोय, तुमच्या नाही.

बुटीबोरीचा_भाऊ
ताई पेट्या आहेत, खोक्याच्या. आज मुद्दाम गेटवर टेप घेऊन गेलो, वॉचमन हसत होता. अडीच फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, वजन ४० किलो. भाडं गाडीवर आहे पण एका गाडीत किमान ३०० पेट्या गेल्या पायजे म्हणतात. मागच्या महिन्यात ट्रायल म्हणून आमची दहा चाकी लावली होती, दोनशे अन् काही पेट्यातच डाला भरला, वरून ताडपत्री अशी फुगली जशी काही आत म्हैस बसली. अन् मेहकरच्या पुढे पाऊस लागला, अकरा पेट्या ओल्या झाल्या, त्याचे पैसे बिलातून कापले तो भाग वेगळाच.

हिशोबताई
हे आधी सांगायचं ना! तुमचा माल टनाचा नाहीच, फुटाचा आहे. पेट्या मांडूनच बघा, कारण घनफूट काढून भागाकार केला की आकडा नेहमी फसवा येतो, हमाल काही घनफूट रचत नाहीत. २२ फुटात लांबीला आठ पेट्या, आठ फूट रुंदीत पाच, वर पाच थर, झाल्या दोनशे. उरलेल्या दोन फुटात पेट्या आडव्या फिरवून पंधरा. एकूण २१५, म्हणजे ८ टन ६०० किलो. तुमची गाडी १८ टन वाहू शकते आणि तुम्ही निम्म्याहून कमी वाहताय, तरी जागा संपली.

आता ३२ फुटी बंद कंटेनर घ्या, आतून आठ रुंद आठ उंच. लांबीला बारा, गुणिले पाच, गुणिले पाच, तीनशे. मागच्या दोन फुटात पुन्हा आडव्या पंधरा. ३१५. वजन १२ टन ६०० किलो. पार्टीची तीनशेची अट बहुतेक यावरूनच आलीय, त्यांच्याकडे आधी ३२ फुटी मल्टी एक्सल, म्हणजे मागे दोन एक्सलवाली, लागत असणार. सिंगल एक्सलवाली ३२ फुटी, म्हणजे सहा चाकीवर बांधलेली, तिच्यावर एवढं वजन पास होणार नाही. म्हणजे उत्तर २८ टनाची दहा चाकीच, फक्त लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) चेसिस, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, आणि त्यावर कंटेनर. टोल पण तीन एक्सलचा, वरच्या गटाचा नाही.

कापसीवाला
पेट्या असतील तं मग ठीक आहे, मी माझा सल्ला अर्धा वापस घेतो. अर्धाच. कारण काम वर्षाचं आहे अन् हप्ते चार-पाच वर्षांचे. उद्या पार्टीने हात वर केले तर कंटेनरमध्ये ना सिमेंट भरता येत ना सळाख ना गिट्टी. वरून क्रेनने काही टाकताच येत नाही. उघड्या डाल्याला नागपुरात कोणीपण काम देते. अन् विकायला गेलं तं कंटेनरचं गिऱ्हाईक ठरावीक.

हिशोबताई
मुद्दा बरोबर आहे. पण भिवंडीहून परतीला काय मिळतं ते बघा. तिथे सगळी गोडाऊनं, साबण, बिस्किटं, ऑनलाईनवाल्यांचे खोके, सगळा हलका आणि जागा खाणारा माल, आणि त्यांना बंदच गाडी पाहिजे असते. सोळा चाकी घेऊन भिवंडीत उभं राहिलात तर ३२ टनाचा माल जमेपर्यंत दोन दिवस जेवण स्वतःच्या खिशातून.

नवीन_सभासद_वर्धा
मधेच विचारतो, माफ करा. जी गाडी आहे तिच्यावरच ३२ फुटी बॉडी बांधली तर? चेसिसचा खर्च वाचेल न.

वाडीचा_पाना
नाही दादा, असं करू नका. मागे लटकणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांच्या वर गेलेला नियमात चालत नाही. २२ फुटाच्या चेसिसवर ३२ फुटी घातली तर नेमकं तेच होणार. मग कोणीतरी सांगेल चेसिस कापून वाढवून देतो, वेल्डिंग मारून पट्ट्या लावून. पासिंगला अडकेल ते अडकेल, पण चढावर वळताना गाडीचं मागचं अंग वेगळं चालते न पुढचं वेगळं. मी अशी एक गाडी दुरुस्तीला घेतली होती, फ्रेमला तडा कुठून सुरू झाला ते दाखवायला मालकाला खाली झोपवावं लागलं.

आता प्रश्न विचारणाऱ्या भाऊसाठी. तुमची बीएस४ आहे म्हणून सांगतो, बीएस६ ला वेगळी शिस्त लागते. एप्रिल २०२० नंतरची कोणतीही हेवी घ्या, सायलेन्सरच्या जागी अख्खी केमिकलची फॅक्टरी लटकलेली असते. ॲडब्लू म्हणजे साडेबत्तीस टक्के युरियाचं पाणी, ते गरम धुरात फवारलं जाते, त्याने नायट्रोजनचे विषारी वायू मोडतात. डिझेलच्या साधारण पाच टक्के धरा. भिवंडीपर्यंत दीडशे लिटर डिझेल लागलं तर सात-आठ लिटर ॲडब्लू. लोक कुठे चुकतात सांगू? ढाब्यावरचं सुट्टं ॲडब्लू स्वस्त मिळते म्हणून घेतात, त्यात कधी साधं पाणी कधी शेतीचा युरिया. मग पंप नाहीतर नोझल जाम, मीटरवर दिवा, अन् दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच ताकद कमी करून घेते. चढावर सायकलवाला पुढे जाते. सीलबंद डबा, बिल घेऊन, बस्स.

अन् काजळीची जाळी, म्हणजे डीपीएफ. ती लांब पल्ल्यावर चालता चालता आपोआप जळून साफ होते, तुमची लाईन त्यासाठी चांगली आहे. कोळशाच्या छोट्या फेऱ्यांवर हीच जाळी त्रास देते, दिवसभर इंजिन चालू बंद, धूर कधी पुरता तापतच नाही.

बुटीबोरीचा_भाऊ
पाना भाऊ, कंपनी कोणती मग? टाटा, लेलँड, आयशर, भारतबेंझ, महिंद्रा, सगळ्यांचे कॅटलॉग घरी पडून आहेत. आमचे आबा तं अजून टाटाच्या गाडीला बेंझच म्हणतात.

वाडीचा_पाना
आबा चुकीचे नाहीत, १९५४ पासून टाटांच्या गाड्या मर्सिडीज बेंझच्या कराराखालीच बनत होत्या. आता बेंझवाले २०१२ पासून भारतबेंझ नावाने स्वतःच विकतात. माझं मत विचाराल तर इंजिनमध्ये आता कोणी कोणापेक्षा फार मागे नाही. लेलँडने २०२० मध्ये एव्हीटीआर काढली, त्यात एकाच ढाच्यावर केबिन, एक्सल, गिअर तुमच्या कामाप्रमाणे जुळवून देतात, अन् त्यांचे गिअरबॉक्स आपल्या भंडाऱ्याजवळ गडेगावला बनतात, म्हणून आपल्याकडचे मिस्त्री त्यात हात घालायला भीत नाहीत. पण मी बोनेट बघून गाडी घ्या असं सांगणार नाही. तुमच्या लाईनवर कोणाचं वर्कशॉप रात्री दोन वाजता फोन उचलते ते बघा. लॅपटॉप जोडल्याशिवाय आता आमच्यासारख्याला अर्धे रोग कळत नाहीत, खोटं कशाला बोलू.

दुसरं, एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाला ओढ जास्त मिळणार का वेग ते ठरवणारं गिअरचं प्रमाण, नक्की विचारा. कंटेनरला हलका माल न सपाट रोड, तर हायवेचा रेशो घ्या. डिलरकडे उभी असलेली खाणीच्या रेशोची गाडी गळ्यात मारून घेऊ नका, ती समृद्धीवर ओरडत चालेल अन् डिझेल पिईल.

गॅसवाला_कामठी_रोड
एलएनजीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुलै २०२१ मध्ये गडकरी साहेबांनी आपल्याच कामठी रोडवर खाजगी एलएनजी स्टेशनचं उद्घाटन केलं. चाकणची ब्लू एनर्जी एलएनजीचे ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर बनवते, टाटाचा पण प्रायमा ५५३० एलएनजीत आहे. पण हे सगळे मोठ्या ट्रेलरचे खेळ आहेत, महिन्याला दहा-बारा हजार किमी पळणाऱ्या फ्लीटचे. गॅस उणे १६२ अंशाला द्रव ठेवावा लागतो, गाडी चार दिवस उभी राहिली की टाकीतला गॅस हळूहळू उडायला लागतो. लग्नसराईत डायवर गावी गेला की काय करणार? एक-दोन गाड्यावाल्याने यात पडू नये असं माझं तरी मत आहे अन् मी तं गॅसच्याच धंद्यात आहो.

इलेक्ट्रिकचं पण तेच. केंद्राच्या पीएम ई-ड्राईव्ह योजनेत जुलै २०२५ ला ट्रकसाठी जास्तीत जास्त ९ लाख ६० हजारापर्यंत सूट जाहीर झाली, पण जुना ट्रक भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागते, अन् भिवंडीच्या रस्त्यावर चार्जिंगला थांबायचा वेळ ट्रिपमध्ये कोण मोजणार.

हिशोबताई
आणि जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवर २८ चा १८ टक्के झाला. चेसिसची मूळ किंमत तीस लाख धरली तर सरळ तीन लाख कमी. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वळतं करून घेणाऱ्यांना तसाही फरक कमीच होता, पण तुमच्यासारख्या छोट्या मालकाला हे रोख वाचतात. डिलर जुना रेट लावून त्यातून "खास डिस्काऊंट" दाखवत असेल तर कोटेशन सरळ परत करा.

डायवरचा_पोरगा
एक राहून गेलं. माझे बाबा एकतीस वर्षं गाडीवर होते. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे, त्यामुळे स्टॉकमधली आधीची बिनएसीची गाडी स्वस्तात देतो म्हटलं तर घेऊ नका. एसीने डिझेल खाल्लं म्हणून किल्ली काढून ठेवणारे मालक मी पाह्यले आहेत. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशात इंजिनच्या बाजूला बसून दाखवा मग बोला. बाबांच्या डाव्या पोटरीवर अजून केस येत नाहीत, गिअरबॉक्सच्या गरमीने. अन् समृद्धीवर सरळ रस्ता, झोप येते, टायर तापतात. शिवमडक्याला, म्हणजे समृद्धीच्या नागपूरकडच्या तोंडाला, चढायच्या आधी हवा थंड टायरवर तपासा, मधात कुठे थांबायचं ते ठरवून ठेवा.

बुटीबोरीचा_भाऊ
सगळ्यांचे आभार. घरी बैठक झाली. भावाला पेट्या मांडून दाखवल्या, म्हणजे खरंच, काडेपेट्या घेऊन, पाटावर. गप झाला. मामा अजून ट्रेलरवरच आहेत पण ते तसेही पैसे देऊन नाही राहिले. २८ टन, लांब व्हीलबेस, ३२ फुटी कंटेनर, जवळपास ठरलं. उघडी दहा चाकी ठेवतो, कापसीवाले भाऊचं ऐकून, हे काम गेलं तं ती आहेच. सहा चाकी विकू.

शेवटचा प्रश्न. वाडीचा बॉडीवाला म्हणते आतून नऊ फूट उंच करून देतो, सहा थर बसतील, ३७८ पेट्या. पार्टीकडून जास्त भाडं मागता येईल का?

वाडीचा_पाना
दीड फुटाचे सहा थर म्हणजे बरोबर नऊ फूट. शेवटची पेटी आत सरकवायला हात कुठून घालणार? अन् साडेनऊ करतो म्हणाला तर जमिनीपासून चार मीटरच्या वर जाईल, ते नियमात नाही. टेप घेऊन स्वतः मोजा, चेसिसचा पट्टा जमिनीपासून किती वर आहे तिथून.

कापसीवाला
अन् सहावा थर ठेवला की सर्वात खालची पेटी दबते. बॉडीवाल्याला नको, हमालाला विचार.

बुटीबोरीचा_भाऊ
विचारलं. हमाल म्हणला पाचव्यालाच खालचं खोकं पोट काढते, सहावा तुम्हीच चढवा. आठच फूट ठेवतो. मंगळवारी वाडीला चाललो, पार्टीकडून एक रिकामी पेटी मागून घेतली आहे, सोबत घेऊन जातो.