‘लोस ओल्विदादोस’ मराठीत कसं म्हणायचं? विसरलेली, टाकलेली की आणखी काही

मालवणात आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा सिनेमा दाखवतो, पावसाळ्यात जरा जास्त लोक येतात कारण होड्या वर ओढलेल्या असतात आणि संध्याकाळी करायला काही नसतं. यावेळी लुईस बुन्युएलचा ‘लोस ओल्विदादोस’ ठेवला होता, १९५० चा, मेक्सिको सिटीच्या झोपडपट्टीतल्या पोरांचा. दारातल्या फळ्यावर नुसतं स्पॅनिश नाव लिहून कोणाला काय कळणार म्हणून मी खाली खडूनं लिहिलं, ‘विसरलेली मुलं’. शेजारच्या काकी रोज पेपर वाचायला येतात, त्या फळ्यासमोर थांबल्या आणि मला विचारलं, “काय इसारली गो पोरां?” आधी मला प्रश्नच कळला नाही, मग लक्षात आलं की त्यांनी जसं वाचलं तसंही वाचता येतं, म्हणजे जी मुलं काहीतरी विसरली ती मुलं. तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

अडचण ‘विसरणे’ या क्रियापदातच आहे. मी विसरले, तो विसरला असं आपण म्हणतो, ‘त्याने विसरलं’ म्हणत नाही. त्यामुळे विसरलेला माणूस म्हणजे ज्याला आठवत नाही तो, आणि एसटीत विसरलेली छत्री म्हणजे जी सीटवर राहून गेली ती. छत्रीला काही आठवायचं नसतं म्हणून तिथे गोंधळ होत नाही पण माणूस आला की दोन्ही अर्थ एकदम उभे राहतात. ‘शिकलेला’चं पण असंच आहे बघा, शिकलेला मुलगा आणि शिकलेला धडा. स्पॅनिशमधे ओल्विदार म्हणजे विसरणे आणि ओल्विदादोस म्हणजे ज्यांचा विसर पडलाय ते, अनेकवचन. कोणाला विसर पडला ते नावात नाहीच, आणि माझ्या मते सगळा सिनेमा त्या न सांगितलेल्या कर्त्यावर उभा आहे. अमेरिकेत तो ‘द यंग अँड द डॅम्ड’ या नावानं लावला होता, म्हणजे तरुण आणि शापित, तिथे सगळं नशिबावर गेलं, विसरणारे सुटले. नाव बदललं की दोष कुठून कुठे जातो ते यात दिसतं म्हणून मला या एका शब्दासाठी एवढं लिहावंसं वाटतंय.

विस्मृत, उपेक्षित, वंचित हे तिन्ही शब्द लिहून पाहिले. विस्मृत व्याकरणाला चोख आहे पण तो जुन्या गायकांना आणि पडक्या किल्ल्यांना लागतो, शेंबडं नाक पुसणाऱ्या पोराला कोण विस्मृत म्हणेल. बाकीचे दोन भाषणात फार वापरून गुळगुळीत झालेत. बेवारस जवळचा वाटला होता पण बेवारस म्हटलं की मला पोलीस पाटलाचा पंचनामा आठवतो, आणि शिवाय या सिनेमातल्या पेद्रोला आई आहे, घर आहे, भावंडं आहेत. आई त्याला जेवायला देत नाही, तो तिला विचारतो की तू माझ्यावर माया का करत नाहीस, अशा पोराला बेवारस म्हणणं खोटं होईल.

सरकारी भाषेत आधी ‘बालगुन्हेगार’ होता, आता पेपरात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ येतं. २००० च्या बाल न्याय कायद्यापासून मुलाला गुन्हेगार म्हणायचं नाही असं ठरलं आणि २०१५ च्या कायद्यानं तेच पुढे चालवलं. हेतू चांगला आहे, मला तो मनापासून पटतो, कारण बालगुन्हेगार शब्दात दोन अक्षरी बाल चार अक्षरी गुन्हेगारापुढे टिकतच नाही. पण विधिसंघर्षग्रस्त हा शब्द त्या मुलाच्या आईला वाचता यायला हवा की नको?

आता आपल्याकडचे शब्द. उनाड, वांड, द्वाड हे घरातले, त्यात माया आहे. उंडगो म्हणजे घरी पाय न टिकणारा, त्यात थोडी नाराजी. ‘वायाक गेलो’ म्हटलं की लोकांनी हात झटकले. ‘गेलो’ बघा, तो आपणच गेला, कोणी घालवला नाही. टपोरी, मवाली हे मुंबईहून आलेले, गणपतीत चाकरमान्यांबरोबर येतात. आणि या सगळ्यांच्या पलीकडचा म्हणजे ‘ओवाळून टाकलेला’. आमच्या आजीच्या तोंडात हा फार असायचा, ज्याच्यापुढे आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही अशा माणसासाठी. दृष्ट काढताना मीठ-मोहरी-मिरच्या अंगावरून ओवाळतो आणि चुलीत टाकतो, किंवा नारळ तिठ्यावर ठेवून मागे न बघता घरी येतो, तो नारळ मग कोणी घरात आणत नाही. माणसाला त्या नारळाच्या जागी ठेवलंय. आणि हेच शब्द दुसरीकडे ‘जीव ओवाळून टाकणे’ असे येतात तेव्हा ती मायेची शेवटची पायरी असते. आई लेकरावर जीव ओवाळून टाकते, आणि गाव त्याच लेकराला ओवाळून टाकलेला म्हणतं.

हे आठवलं ते सिनेमातल्या एका प्रसंगामुळे. एका घरातली बाई आजारी आहे, कार्मेलो नावाचा आंधळा रस्त्यावर वाद्यं वाजवून पोट भरतो आणि थोडे उपचारही करतो, तो एक जिवंत पांढरं कबुतर तिच्या उघड्या पाठीवरून फिरवतो, आजार त्या पाखरात उतरावा म्हणून. हॉलमधे कोणालाच हे समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी हळू म्हणालं, “उतरून काढतासत.” मेक्सिको कुठे आणि मालवण कुठे, पण रोग एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्या जिवावर टाकायचा ही रीत ओळखीची निघाली. मला वाटतं शहर त्या पोरांबरोबर तेच करतंय.

तिथून मी ‘टाकणे’ वर आले. गावाकडून आलेला एक लहान मुलगा आहे, बाप त्याला बाजारात उभा करून इथेच थांब सांगतो आणि परत येतच नाही. पोर बसून राहतं, रात्र होते. पोरं त्याला ओहितोस म्हणतात, म्हणजे डोळुले. काकी पहिल्यांदा बोलल्या त्या इथेच, “बापाशीन टाकल्यान त्येका.” त्यांनी सोडलं, विसरलं असं काही म्हटलं नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणतो तेच हे क्रियापद, आणि इथे कर्त्याला लपता येत नाही, टाकलं म्हटलं की कोणी हा प्रश्न लगेच येतो. शेवटी पेद्रोचं प्रेत पोत्यात घालून गाढवावर लादतात, पोलिसांचं झंझट नको म्हणून, आणि वाटेत त्याची आई समोरून येते, त्यालाच शोधायला निघालेली, गाढवाच्या बाजूनं निघून जाते. मग ते पोतं कचऱ्याच्या उतरणीवरून खाली ढकलून देतात. काकी म्हणाल्या, “आवशीन बघूक नाय?” आणि दिवे लावल्यावरही थोडा वेळ तशाच बसून होत्या.

म्हणून माझं मत ‘टाकलेली पोरं’ कडे झुकलं होतं.

*

तुमचं सगळ्यांचं वाचलं, पुढे लिहिते. देवगडच्या एका दादांनी आक्षेप घेतलाय की टाकणं हे एकाचं कृत्य आणि विसरणं हे सगळ्यांचं, बुन्युएलनं मुद्दाम मऊ शब्द घेतला असताना आपण तो कडक का करायचा. हे बरोबर आहे, मी सिनेमाच्या भरात वाहून गेले. सुरुवातीलाच निवेदनात न्यूयॉर्क, पॅरिस, लंडनची नावं येतात, मोठ्या शहरांच्या झगमगाटामागे अशी घरं असतातच म्हणून, म्हणजे बोट एका बापाकडे नाहीये. आणि मेक्सिकोतल्या लोकांनाही ते कळलं होतं, सिनेमा लागला तेव्हा इतका राग आला की थोड्याच दिवसांत उतरवावा लागला. १९५१ ला कान महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं, कवी ओक्तावियो पास यांनी तिथे स्वतः लिहिलेली पत्रकं वाटली होती त्याच्या बाजूनं, त्यानंतर तो मेक्सिकोत परत लागला आणि चालला. टाकलेली म्हटलं असतं तर प्रेक्षक बापाला शिव्या घालून मोकळे झाले असते.

आणि वेंगुर्ल्याच्या ताईंनी जे सुचवलंय ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. ‘विसरून टाकलेली’. विसरून जाणं आपसूक होतं, विसरून टाकणं आपण ठरवून करतो. झालं गेलं विसरून टाक म्हणतो ना तेच. शिवाय ‘टाकणे’ ला ‘ने’ लागतो, त्याने विसरून टाकलं, त्यामुळे ‘विसरून टाकलेली पोरं’ याचा एकच अर्थ होतो, पोरं काही विसरली असं कोणाला वाचताच येणार नाही. काकींचा प्रश्न मिटला. विसरणंही राहिलं, टाकणंही आलं. मला यापेक्षा नेमकं काही सुचत नाही.

मुलं की पोरं विचारलंत, तर पोरं. मुलं शाळेत जातात, पोरं रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरीला लागतात. (आमच्याकडे दोरीला हात लावला की कोणाचा कोण न विचारता मूठभर तारल्यांचा वाटा मिळतो, दुसऱ्या गावचं पोर असलं तरी. ही चांगली रीत आहे आणि टिकायला हवी.)

एक उरलंय. सुधारगृहातून पळून आलेला मोठा पोरगा, जो बाकीच्यांना ओढत नेतो, त्याचं नाव एल हाइबो. मेक्सिकोत हाइबा म्हणजे खेकडा. मराठी सबटायटल करायची तर त्याला ‘खेकड्या’ म्हणायचं का? मला आपल्या कुर्लीवरून, म्हणजे खेकड्यावरूनच, ‘कुर्ल्या’ जास्त बरा वाटतो, हाक मारल्यासारखा. रायगडकडच्या लोकांनी सांगा, तुमच्याकडे चिंबोरी म्हणतात, मग पोराला कोणी अशी हाक मारतं का?