थेट समालोचनात बांधकाम व्यावसायिकाच्या प्रकल्पाची ओळख करून द्यावी का?

धावफलक (वाकड, पुणे):

सर्वांना नमस्कार. गेली अकरा वर्षे मी पुण्याच्या पश्चिम भागातील सोसायट्यांच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांचे मराठीतून समालोचन करतो आहे. हा माझा व्यवसाय नाही. मानधनही नाममात्र असते, परंतु या कामाविषयी मला मनापासून आस्था आहे. यंदाच्या स्पर्धेचे आयोजन एका बांधकाम व्यावसायिकाकडे असून स्पर्धेतील एका संघाची मालकीही त्यांच्याकडेच आहे. अंतिम सामना यूट्यूबवर थेट दाखवला जाणार आहे. त्यांच्या कार्यालयाने मला असे कळवले आहे की दुसऱ्या डावातील सातव्या आणि आठव्या षटकात ते स्वतः समालोचन कक्षात येऊन बसतील आणि त्या वेळी मी त्यांच्याशी त्यांच्या नव्या गृहप्रकल्पाविषयी गप्पा माराव्यात. विचारायचे प्रश्नही त्यांनी लिहून पाठवले आहेत.

मी थोडी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी मला अमेरिकेतील एका बेसबॉल सामन्याची चित्रफीत पाठवली आणि ‘तिकडे एवढे मोठे संघही हे करतात’ असे सांगितले. ती मी तीनदा पाहिली. सामना चालू असताना संघाचा एक वरिष्ठ अधिकारी समालोचकांच्या शेजारी बसून मैदानालगत उभ्या राहणाऱ्या इमारती, हॉटेल आणि सदनिका यांची माहिती देतो. तेवढ्यात बॅटरचा फटका थेट कुंपणापर्यंत जातो आणि दोन धावा होतात, पण अधिकाऱ्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत समालोचक थांबतो आणि मगच काय घडले ते सांगतो. तो क्षण पाहून मला वाईट वाटले. पडद्यावर ‘जाहिरात’ असा शब्द कुठेही नव्हता.

माझे प्रश्न असे आहेत. अमेरिकेत हे खरोखर सर्वमान्य आहे का? बेसबॉल संघ मुळात घरे आणि कार्यालये का विकतात? आणि मी हे केले, तर त्याची काही जबाबदारी माझ्यावर येते का? सामना येत्या रविवारी नसून त्यापुढच्या रविवारी आहे, त्यामुळे विचार करायला थोडा वेळ आहे.

मूळ_कोथरूडचा (जॉर्जिया):

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या गोष्टी त्यातून उलगडत जातात. मी अटलांटाजवळच्या कॉब काऊंटीत (काऊंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) राहतो. अटलांटा ब्रेव्ह्ज हा बेसबॉल संघ शहरातले टर्नर फील्ड हे मैदान सोडून इथे येणार असल्याची घोषणा नोव्हेंबर २०१३ मध्ये झाली आणि त्याच महिन्यात काऊंटीच्या आयोगाने प्रस्तावाला मंजुरीही देऊन टाकली. मैदानासाठी काऊंटीने सुमारे ३० कोटी डॉलर सार्वजनिक पैसा दिला. २०१७ मध्ये मैदान सुरू झाले आणि त्याला लागूनच ‘द बॅटरी अटलांटा’ ही दुकाने, उपाहारगृहे, कार्यालये, हॉटेल व भाड्याची घरे असलेली वसाहत उभी राहिली. आता हा संघ शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मालकीचा आहे, आणि ती कंपनी आपल्या ताळेबंदात बेसबॉलचे उत्पन्न व या वसाहतीचे उत्पन्न अशी दोन वेगळी खाती दाखवते. शिकागो कब्ज संघाच्या मालकांचे त्यांच्या रिग्ली फील्ड मैदानासमोर हॉटेल आहे, सेंट लुईसमध्ये मैदानाशेजारी ‘बॉलपार्क व्हिलेज’ ही अशीच वसाहत आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने जुन्या वाहनतळाच्या जागी ‘मिशन रॉक’ उभारले आहे.

यामागचे आर्थिक कारण समजून घेण्यासारखे आहे. मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतील ३० संघांना आपल्या स्थानिक उत्पन्नातील ४८ टक्के रक्कम सामाईक निधीत भरावी लागते आणि तो निधी सर्व संघांत समान वाटला जातो. तिकिटे आणि स्थानिक प्रक्षेपणाचे पैसे यांचा त्या हिशेबात समावेश होतो, परंतु कुंपणाबाहेरच्या इमारतींचे भाडे सामान्यतः त्यात धरले जात नाही. त्यातच मार्च २०२३ मध्ये, १४ संघांचे सामने दाखवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुपने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न भरवशाचे राहिले नाही. त्यामुळे संघमालकांचे लक्ष जमिनीकडे वळले, यात नवल नाही.

आता ‘सर्वमान्य’ या शब्दाविषयी. प्रचलित आहे, एवढेच मी म्हणेन. कित्येक संघांच्या वाहिन्यांमध्ये संघाचीच भागीदारी असते आणि समालोचक एक तर संघाच्या पगारावर असतात किंवा संघाच्या पसंतीने नेमलेले असतात. आपला वरिष्ठ शेजारी येऊन बसल्यावर अवघड प्रश्न कोण विचारणार? सार्वजनिक पैसा किती लागणार, रहदारीचे काय होणार, करार फसला तर कर्ज कोण फेडणार, हे प्रश्न त्या गप्पांमध्ये येत नाहीत. तरीही ते प्रश्न खरे असतात. आमच्या काऊंटीत हा करार घडवून आणणारे आयोगाचे अध्यक्ष टिम ली २०१६ च्या निवडणुकीत पराभूत झाले. एप्रिल २०२४ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाच्या नव्या मैदानासाठीचा आणि तेथील फुटबॉल संघाच्या मैदानाच्या नूतनीकरणासाठीचा विक्रीकराचा प्रस्ताव जॅक्सन काऊंटीच्या मतदारांनी सुमारे ५८ टक्के मतांनी फेटाळला. म्हणजे समालोचन कक्षातला तो अधिकारी घरांच्या भाडेकरूंशी बोलत असतो, तसाच तो उद्याच्या मतदारांशीही बोलत असतो.

एक जाता जाता सांगतो. बेसबॉलमध्ये पूर्वी दोन चेंडूंच्या मधे पुष्कळ वेळ असे आणि पाहुण्याशी गप्पा मारण्याची प्रथा त्यातूनच रुजली. २०२३ पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, घड्याळ लावले आहे. मैदानात धावक नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. सामन्याचा सरासरी वेळ तीन तासांवरून सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला. आता पाहुण्याच्या प्रत्येक लांबलचक उत्तरामागे खेळाचा काही भाग हमखास बुडतो, आणि आपण चित्रफितीत पाहिलेत ते याच कारणाने घडले असावे.

बाणेरचा_रहिवासी:

मी थोडे वेगळे मत मांडतो. पुण्यातल्या सोसायट्यांच्या स्पर्धांना मैदान, प्रकाशझोत, पंच आणि चषक यांचा खर्च कोण देतो? बहुतेक वेळा बांधकाम व्यावसायिकच देतात. त्यांनी दोन षटके मागितली तर त्यात एवढे अघटित काय आहे? २००८ ते २०१२ या पाच वर्षांत आयपीएलचे शीर्षक प्रायोजकत्व डीएलएफ या बांधकाम कंपनीकडे होते आणि षटकार गेला की समालोचक ‘डीएलएफ मॅक्सिमम’ असे म्हणत. आपल्या पुण्याचा वॉरियर्स संघ सहारा समूहाचा होता आणि त्याच समूहाने लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅली उभारली होती. गहुंजेच्या मैदानालाही काही काळ त्या समूहप्रमुखांचे नाव होते. प्रेक्षक दूधखुळे नसतात. मालक आपल्या तोंडाने आपल्या प्रकल्पाविषयी बोलतो आहे हे त्यांना समोर दिसते. मला तर हे लपवलेल्या जाहिरातीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

कलम_अठरा (शिवाजीनगर):

मी वकिली करते आणि महारेरा, म्हणजे महाराष्ट्रातील गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे प्राधिकरण, याच्यापुढील प्रकरणे नियमित पाहते, म्हणून धावफलक यांच्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते. रेरा कायदा, २०१६ (स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा) मध्ये ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही स्वरूपात प्रकल्पाला दिलेली प्रसिद्धी तीत येते. समालोचनातील गप्पा हा त्याला अपवाद आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्या भरवशावर राहू नये.

पहिली गोष्ट प्रकल्पाच्या नोंदणीची. कलम ३ नुसार, ज्या प्रकल्पाला नोंदणी आवश्यक आहे त्याची जाहिरात नोंदणीपूर्वी करता येत नाही, आणि कलम ५९ प्रमाणे या उल्लंघनासाठी प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा उल्लेख हवा. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक झाला आहे. खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर कलम १२ नुसार भरपाई प्रवर्तकाने, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाने, द्यायची असते. ही सर्व जबाबदारी मुख्यतः त्यांची आहे, आपली नाही.

आपल्यावर येते ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ची बाजू. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत एखाद्या वस्तूची किंवा सेवेची भलामण करणाऱ्या व्यक्तीलाही कलम २१ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सांगितलेली माहिती आपण पुरेशा काळजीने पडताळली होती, हे दाखवता आले तर या दंडापासून संरक्षण मिळते. त्याखेरीज याच कायद्याखालील २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, भलामण करणाऱ्याचे जाहिरातदाराशी आर्थिक नाते असेल तर ते प्रेक्षकांना स्पष्ट सांगावे लागते. आपण त्यांच्याकडून मानधन घेता, म्हणून हे नाते आहेच. आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘आमच्या समालोचनातून आलेल्या प्रत्येक चौकशीमागे एवढे पैसे’ असा प्रस्ताव आला, तर तो मुळीच स्वीकारू नये, कारण मग आपण एजंट ठरता का आणि आपलीही रेराखाली नोंदणी हवी का, असा प्रश्न उभा राहील.

त्यांनी लिहून पाठवलेले प्रश्न मला पाहायला आवडतील. त्यांत ‘मेट्रो स्थानक पाच मिनिटांवर’ किंवा ‘ताबा अमुक महिन्यात’ असे काही असेल, तर ते वाक्य आपल्या तोंडून जाऊ देऊ नका.

जुना_माइक (सदाशिव पेठ):

बाणेरच्या मित्रांचा मुद्दा मी समजू शकतो, कारण प्रायोजकाशिवाय स्पर्धा होत नाहीत हे मीही चाळीस वर्षे पाहत आलो आहे. परंतु ‘डीएलएफ मॅक्सिमम’ आणि हा प्रकार यांत मला मोठा फरक दिसतो. तिथे षटकार गेला हे प्रेक्षकाला त्याच क्षणी कळत होते, फक्त त्याला प्रायोजकाचे नाव चिकटले होते. मला तेही आवडत नसे. पण इथे खेळच थांबवून ठेवला जातो, आणि समालोचकाने प्रेक्षकांशी वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास दुसऱ्याच्या मालासाठी वापरला जातो. ज्याच्या आवाजावर आपण ‘झेल टिपला’ हे न पाहता खरे मानतो, त्याच आवाजाने ‘प्रकल्प उत्तम आहे’ असे सांगितले, तर ऐकणारा ते वाक्यही त्याच भावाने घेतो. प्रेक्षक दूधखुळा नाही हे खरे, पण तो सामना पाहायला बसलेला असतो, घर घ्यायला नाही, आणि त्या वेळी त्याचे मन सावध नसते.

आपल्याकडच्या केबल दूरचित्रवाणी नियमांत, १९९४ पासून, जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे असे तत्त्व घातलेले आहे. यूट्यूबला तो नियम लागू नसेल, तरी त्यामागचा विचार समालोचकाने स्वतःला लावून घेण्याजोगा आहे.

अमेरिकेतील समालोचकांना दोष देण्याआधी त्यांची अडचणही ध्यानात घ्यावी. २०२३ मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचे समालोचक केव्हिन ब्राऊन यांनी टँपा बे संघाविरुद्ध त्या संघाच्या मैदानावर आपल्या संघाची पूर्वीची कामगिरी किती खराब होती, एवढेच सांगितले. ही माहिती संघानेच सामन्यापूर्वी पुरवलेल्या टिपणात होती. तरीही त्यांना काही काळ प्रक्षेपणापासून दूर ठेवण्यात आले. इतर समालोचकांनी त्यांची बाजू उघडपणे घेतली, ही त्यातली चांगली गोष्ट. मालकाच्या पगारावर असलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. धावफलक, आपण नाममात्र मानधनावर आहात, म्हणून आपण ते म्हणू शकता.

माझी सूचना अशी आहे. त्या गृहस्थांना कक्षात अवश्य बोलवा, कारण ते आयोजक आहेत आणि त्यांचा मान राखला पाहिजे. त्यांना स्पर्धेविषयी विचारा, मैदान कसे मिळवले ते विचारा, त्यांच्या संघातल्या त्या डावखुऱ्या मुलाविषयी विचारा. प्रकल्पाचे बोलणे दोन डावांच्या मधल्या वेळात, पडद्यावर ‘जाहिरात’ अशी पट्टी ठेवून, त्यांच्या विक्री विभागातील कोणाच्या तरी तोंडून होऊ द्या. चेंडू टाकला जात असताना मात्र कक्षात एकच विषय हवा.

धावफलक (वाकड, पुणे):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कलम_अठरा यांनी विचारलेल्या यादीत सात प्रश्न आहेत. त्यांतल्या चौथ्यात ‘मेट्रोजवळ’ आणि सहाव्यात ताब्याची तारीख आहे, हे वाचताना मला आधी खटकलेच नव्हते.

काल मी त्यांच्या कार्यालयाला तीन ओळींचे पत्र लिहिले. साहेब कक्षात आले तर मला आनंद आहे, पण खेळ चालू असताना मी फक्त स्पर्धेविषयीच बोलेन. प्रकल्पाची माहिती दोन डावांच्या मधे ‘जाहिरात’ अशी पट्टी दाखवून त्यांच्याच माणसाने द्यावी. महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड मला शुक्रवारपर्यंत पाठवावा. आज दुपारी त्यांच्या व्यवस्थापकांचा फोन आला. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी फारशी खळखळ न करता मान्य केल्या. क्रमांकाविषयी मात्र ‘साहेबांना विचारून सांगतो’ असे उत्तर मिळाले. तो आला नाही, तर मधल्या वेळात आम्ही दोन्ही संघांच्या कर्णधारांना बोलवू. चित्रीकरण करणाऱ्या मुलाला मी तसे सांगून ठेवले आहे.